जोडीदाराचा जामीन

गार्गीला माफ करायचं नाही, हे मी आठवीतच ठरवून टाकलं होतं. आई म्हणायची, पोरीच्या जातीनं एवढा राग धरू नये, तोंडावर दिसतो. दिसू दे. तोंड माझं आहे.

राग कशाचा, ते आधी सांगते, नाहीतर तुम्हीही म्हणाल की एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसली.

आमच्या जानेफळच्या शाळेत रेणुका मॅडम विज्ञान शिकवतात. शाळेला मोटरी, वायरी, गिअर असं सगळं भरलेली एक मोठी पेटी मिळाली होती. अशा पेट्या पुष्कळ शाळांना मिळतात आणि कपाटात जाऊन बसतात. मॅडमनी आमची पेटी वर्गात आणून उघडी ठेवली आणि सांगितलं, यातून पाहिजे ते बनवा, फक्त ते आपलं आपण चाललं पाहिजे. वर्षाच्या शेवटी वर्गात स्पर्धा. ज्याचं यंत्र सगळ्यांत भारी, तो बुलढाण्याला जिल्ह्याच्या स्पर्धेला जाणार.

सगळ्यांनी चाकांच्या गाड्या केल्या. मी पाय केले. सायकलच्या जुन्या चाकाचे आरे काढले, ते वाकवून चार पाय बनवले आणि मोटरीवर असे बसवले की यंत्र एकेक पाय टाकत चालायचं. लुटुलुटु चालायचं म्हणून नाव ठेवलं टिटवी. आरे वाकवायचं काम मेहकरला गणेशमामाच्या दुकानात केलं. मामा मोटरी भरून देतो, म्हणजे शेतातल्या जळालेल्या मोटरींना नवी तार गुंडाळतो. त्याच्याकडे हातोडी, पक्कड, ऐरण सगळं असतं. त्यानं काय केलं? आम्हाला चहा पाजला आणि 'बोटं सांभाळा' म्हणाला. आम्हाला म्हणजे मला आणि गार्गीला. पाचवीपासून आम्ही एका बाकावर बसायचो. मी हातोडी मारत होते आणि पक्कडीत आरे धरून गार्गी समोर बसली होती.

स्पर्धेच्या दिवशी टिटवी पहिली येणार हे दिसत होतं. गार्गीची गाडी दुसरी. मॅडम गुण लिहायला लागल्या तेव्हा ती उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, समीक्षाचं यंत्र तिच्या मामानं बनवून दिलं."

एवढंच. एकच वाक्य.

आणि सगळ्यांना ते पटलं. मामाचं दुकान मोटरींचं, मी पोरगी, त्यात आमच्या घरी भाजीपाला पिकवतात. त्या मानानं गार्गी खरी वाटणारच. तिचे बाबा भालचंद्रकाका बँकेत, घरात पुस्तकांचं कपाट, आणि तिचा आवाज असा की देवळात बोलल्यासारखा. मी उभी राहिले, तोंड उघडलं, तर मॅडम म्हणाल्या, "बस खाली. वाद नको. बाहेरची मदत चालत नाही, आधीच सांगितलं होतं." टिटवी टेबलावरून खाली ठेवली गेली. बुलढाण्याला गार्गी गेली. दुसरं बक्षीस घेऊन आली, पेपरात फोटो आला, आणि तो फोटो मॅडमनी वर्गात लावला.

मामाला हे कळलं तेव्हा तो म्हणाला, "समे, आता दुकानावर नको येत जाऊ. उगीच लोकं बोलतात." म्हणजे यंत्रही गेलं आणि दुकानही गेलं. मला त्या दुकानाचा वास आवडायचा.

त्या दिवशी मी ठरवलं. याच वर्गासमोर, याच मॅडमसमोर, हिच्याच तोंडून वदवून घेईन की टिटवी माझ्या हातची होती. तोवर हिच्याशी बोलायचं नाही. बाक बदलला. लोणचं मुरवावं तसा तो राग मी वर्षभर मुरवला.

नववीत मॅडमनी स्पर्धेचे नियमच बदलले. आता एकेकट्याचं यंत्र नाही, जोडी. आमच्या भागात शंकरपट काय असतो ते शेंबड्या पोरालाही माहीत असतं. बैलांची जोडी जुंपायची, मागे ती हाकणारा धुरकरी, आणि झेंडी पडली की सुसाट. मॅडमनी तेच वर्गात आणलं. यंत्रं दोघांची दोन, पण पळायची एका जुवाखाली. दोन्हीच्या मानेवर एक लाकडी पट्टी बांधायची आणि खडूनं आखलेल्या पाटातून जोडी सरळ न्यायची. एक यंत्र जोरात आणि एक हळू असेल, तर जोडी तिरकी होऊन रेषेबाहेर जाते आणि बाद होते. शिंगं हवीत, झूल हवी, नाव हवं. त्याचेही गुण.

हे झालं मजेचं. मग मॅडमनी चष्मा काढला आणि दुसरा नियम सांगितला. "मागच्या वर्षीसारखं मला पुन्हा नको. यंत्र वर्गातच बनवायचं, घरी न्यायचं नाही. आणि पळवण्याआधी प्रत्येकानं सगळ्यांसमोर उभं राहून आपल्या जोडीदाराचा जामीन राहायचं. 'हे यंत्र हिच्या हातचं आहे, मी पाहिलं आहे', असं म्हणायचं. जामीन नाही, तर जू नाही."

सगळा वर्ग माझ्याकडे वळून बघायला लागला.

"तुह्या मामापायी आमाले घरी नेता येत नाई," हरिओम मागून पुटपुटला. हरिओम म्हणजे आमच्या वर्गातला सगळ्यात आळशी पोरगा. तो घरी नेऊन काय दिवे लावणार होता, देव जाणे.

चिठ्ठ्या टाकून जोड्या ठरल्या. डब्यात हात घालायचं काम प्रज्वलकडे होतं. त्यानं माझं नाव काढलं, मग दुसरी चिठ्ठी उघडली आणि वाचायच्या आधीच फिदीफिदी हसायला लागला. "समीक्षा... आन गार्गी!"

वर्गात हुर्यो झाली. गार्गीचा चेहरा पांढरा पडला. मग डोक्यात प्रकाश पडला आणि मला हसू आवरेना. ज्या तोंडानं ती 'मामानं' म्हणाली होती, त्याच तोंडानं तिला आता माझा जामीन राहावं लागणार होतं. देवानं चिठ्ठी काढली तर अशी काढावी.

मधल्या सुट्टीत ती माझ्याजवळ आली. वर्षभरानं पहिल्यांदा.

"समे, मॅडमले सांगू का? जोडी बदलून द्या म्हून?"

"काऊन? भेव वाटते का?"

"तुले चालन का माह्यासंग?"

"मले तं लय चालन," मी म्हणाले.

आणि आम्ही कामाला लागलो.

मी पुन्हा टिटवीच केली. हट्टानं केली. चार पायांची, पहिल्यापेक्षा दणकट. आता आरे वर्गातच वाकवायचे होते, तर मी घरून हातोडी आणली आणि सगळ्यांच्या कानठळ्या बसतील अशी ठोकत बसायचे. बघा म्हटलं, कोणाचा मामा ठोकतोय. गार्गीनं चाकांचं यंत्र केलं, नाव बिजली. तिचं काम नेहमीच स्वच्छ. तिची वायर कुठं लोंबणार नाही, तिचा स्क्रू कुठं तिरका जाणार नाही. मी रोज तिच्या शेजारी बसून पाहत होते. एकेक जोड तिनंच केला. कोणी हात लावला नाही.

पहिल्यांदा जू बांधलं तेव्हा दोन्ही यंत्रं तोंडावर आपटली. बिजली सरळ पळायची आणि टिटवी पाय टाकताना डुलायची. तो डुलण्याचा झटका पट्टीतून जाऊन बिजलीला उलथवून टाकायचा. मी पाय आखूड केले, गार्गीनं चाकं बदलली, पण झटका काही जाईना. शेवटी एक दिवस गार्गी सायकलच्या ट्यूबचे तुकडे घेऊन आली. म्हणाली, "जू स्क्रूनं आवळूच नको. रबरानं बांधू. तुही टिटवी डुलली तरी माह्या बिजलीले धक्का नाई बसन." बांधलं, तर जोडी अशी सरळ गेली की हरिओमनं शिट्टी मारली. ती कल्पना गार्गीची होती. वैरिणीचं असलं तरी श्रेय खायचं नाही. ते काम मी तिच्यावर सोडलं आहे.

ती डब्यात कच्चा चिवडा आणायची, कांदा आणि कच्चं तेल घालून. पूर्वी आम्ही दोघी मिळून खायचो. तिनं डबा पुढे केला, मी खाल्ला. राग वेगळा आणि चिवडा वेगळा.

एका दुपारी वर्गात आम्ही दोघीच होतो. टिटवीला झूल शिवत होते मी, आईच्या जुन्या लुगड्याच्या काठाची. गार्गी बिजलीची शिंगं रंगवत होती. ब्रश थांबवून ती म्हणाली, "समे, एक बोलू?"

"बोल."

"मागच्या साली ना..."

मी सुई तशीच धरून ठेवली. खरं सांगते, त्या क्षणी ती बोलली असती तर मी विरघळले असते. मॅडम नको, वर्ग नको, कोणी नको. नुसतं माझ्याशी बोलली असती तरी मी सगळं सोडलं असतं.

दारात भालचंद्रकाका उभे राहिले. "गार्गी, क्लासला उशीर होतोय. काय ते रंगकाम नंतर करा." ती उठली, ब्रश धुतला आणि गेली.

दुसऱ्या दिवशी मीच विचारलं. मीच. "काल काय म्हणून राह्यली होती?"

"काई नाई," ती म्हणाली. "छोटा पाना कुठीसा हाय?"

मी पाना दिला. त्या दिवसानंतर मात्र माझ्यात तिच्यासाठी काही शिल्लक उरलं नाही. मागचं खोटं ही एक चूक होती, हे टाळणं ही दुसरी. नुसता माझा जामीन राहून ही सुटणार, टाळ्या घेणार, आणि मागचं तसंच दडपून टाकणार. मी मनातल्या मनात दोन वाक्यं तयार केली. एक मागण्याचं आणि एक त्याच्या पुढचं. पुढचं वाक्य मी झूल शिवताना घोळवायचे, भाकरी खाताना घोळवायचे. ते इतकं धारदार होतं की माझं मलाच कौतुक वाटायचं.

पटाच्या दिवशी शाळेच्या लांब व्हरांड्यात पाट आखला होता. पोरंपोरी दोन्हीकडे दाटीवाटीनं बसलेली, मागे खुर्च्यांवर पालक. शाळा समितीचे अध्यक्ष उत्तमराव झेंडी घेऊन उभे होते. तरुणपणी त्यांनी खऱ्या शंकरपटात जोड्या हाकल्या होत्या, त्यामुळे त्यांचा उत्साह पोरांपेक्षा जास्त. "मॅडम, आमच्या पटात बैल एकमेकाचा जामीन नव्हते राह्यत," ते म्हणाले आणि आपणच मोठ्यानं हसले. भालचंद्रकाका पहिल्या रांगेत, इस्त्रीच्या शर्टात. गणेशमामाला मी रडून-भांडून आणलं होतं. तो सगळ्यांत मागे खांबाला टेकून उभा होता, कोणाला दिसू नये असा.

पहिली जोडी प्रज्वल आणि हरिओमची. प्रज्वल उभा राहिला. "हे यंत्र हरिओमच्या हातचं आहे. मी पाहिलं आहे. शिंगं तेवढी त्याच्या बहिणीनं रंगवली."

"अबे!" हरिओम ओरडला.

"रंग चालतो," मॅडम म्हणाल्या, आणि व्हरांडा हसला. त्यांची जोडी वाकडीतिकडी होत पण रेषा न ओलांडता गेली. टाळ्या पडल्या.

मग मॅडमच्या माईकवर आमचं नाव आलं.

आम्ही दोन्ही यंत्रं पाटावर ठेवली. टिटवी झुलीत काय दिसत होती! उत्तमरावांनी वाकून पाहिलं आणि म्हणाले, "हे तं चालते वाटते पायानं. वा रे वा!" गार्गी उभी राहिली. पाठ केल्यासारखं भरभर म्हणाली, "हे यंत्र समीक्षाच्या हातचं आहे. मी पाहिलं आहे." आणि सुटल्यासारखा श्वास टाकला. टाळ्या वाजल्या. मॅडमनी जू हातात घेतलं आणि माझ्याकडे पाहून मान हलवली. आता तू.

मी टिटवीजवळून उठून उभी राहिले.

"मॅडम, मी जामीन राहीन. पण आधी गार्गीनं मागच्या वर्षीच्या टिटवीचा जामीन राहावं."

टाळ्या वाजवणारे हात थांबले.

"समीक्षा, मागचं इथं नको," मॅडम म्हणाल्या.

"मागचं इथंच झालं होतं, मॅडम."

"बोलू द्या पोरीले," उत्तमराव म्हणाले. त्यांना काही माहीत नव्हतं, पण काहीतरी होणार याचा वास त्यांना आला होता.

भालचंद्रकाका उभे राहिले. "हा काय प्रकार आहे? मुलांच्या स्पर्धेत ही असली भांडणं? गार्गी, यंत्र उचल आणि चल. आपल्याला कोणाला काही सांगायची गरज नाही."

गार्गीनं त्यांच्याकडे पाहिलं. मग बिजलीकडे पाहिलं. तिनं ती शिंगं तीनदा रंगवली होती, मनासारखी होईनात म्हणून. ते मला माहीत होतं. तिला ही जोडी पळवायची होती, माझ्याइतकीच पळवायची होती. त्यावरच तर माझा सगळा डाव होता.

"गार्गी!" काका पुन्हा म्हणाले.

"मागच्या साली टिटवी समीक्षाच्याच हातची होती," गार्गी म्हणाली. देवळातला आवाज नव्हता तो. चिरका होता. "मामानं काईच नाई केलं. आरे तिनं वाकवले आन म्या धरले होते. मले बुलढाण्याले जायचं होतं, म्हून म्या खोटं बोलली."

काका खाली बसले. इतके हळू बसले की खुर्चीचा आवाजही झाला नाही. मागे मामानं खांबाचा टेका सोडला आणि तो सरळ उभा राहिला. पोरं एकमेकांकडे बघत होती. हरिओम म्हणाला, "आयला," आणि स्वतःच तोंडावर हात ठेवला.

मला जे पाहिजे होतं ते मिळालं होतं. त्याच मॅडम, तोच वर्ग, तेच तोंड. इथं मी थांबले असते तर ही गोष्ट कशी गोडगोड झाली असती, शाळेच्या फलकावर लिहिण्यासारखी. मी थांबले नाही. दुसरं वाक्य जिभेवर येऊन बसलं होतं.

मॅडमनी गार्गीच्या पाठीवर हात ठेवला. "शाब्बास, गार्गी. खरं बोलायला हिंमत लागते. चल समीक्षा, झालं ना तुझं समाधान? आता राहा हिचा जामीन."

"मी नाही राहत."

"काय?"

"जी एकदा सगळ्यांसमोर खोटं बोलली, मॅडम, तिचं यंत्र तिच्याच हातचं आहे हे मी कशावरून सांगू? आत्ताच तिनं कबूल केलं ना, ती खोटं बोलते म्हणून."

व्हरांड्यात एकदम कालवा झाला. कोणी हसलं, कोणी 'अवं माय' म्हणालं. काका पुन्हा उठले आणि काहीतरी बोलायला लागले, ते कोणाला ऐकू आलं नाही. गार्गी माझा हात धरायला आली.

"समे, तू पाह्यलं. रोज पाह्यलं तू. तुह्या बाजूले बसून केलं म्या."

"तूबी पाह्यलं होतं," मी म्हणाले. "पक्कड कोनाच्या हातात होती?"

तिचा हात खाली पडला. तिचे ओठ हलत होते पण शब्द येत नव्हता. तो चेहरा मला ओळखीचा होता, कारण वर्षभर मी तो घेऊन फिरत होते. आणि मला तो पाहून गोड लागलं. खोटं कशाला सांगू? त्या वर्षात मला दुसरं काही इतकं गोड लागलं नव्हतं. मी तो चेहरा डोळे भरून पाहिला.

"समे!" मागून मामाची हाक आली. एकदाच. त्या हाकेत शाबासकी नव्हती. मी मागे वळले नाही.

मॅडम पाटाच्या मधून चालत माझ्यासमोर आल्या. माईक त्यांनी खाली ठेवला होता, पण व्हरांडा इतका गप्प झाला होता की शेवटच्या पोरालाही ऐकू जात होतं.

"समीक्षा, माझ्याकडे बघ. नियमबियम जाऊ दे. मी तुला विचारते. गार्गीचं यंत्र तिच्या हातचं आहे की नाही?"

मला 'माहीत नाही' म्हणायचं होतं. तयारीत तेच होतं. पण त्या माझ्या डोळ्यांत बघून, नाव घेऊन, थांबून विचारत होत्या. उत्तराची वाट बघत होत्या. तसं विचारल्यावर मला खोटं बोलता येईना.

"आहे, मॅडम. एकेक स्क्रू तिच्या हातचा आहे. रबराची कल्पनाही तिचीच."

"मग आधी का नाही सांगितलंस? एवढा तमाशा कशासाठी?"

"आता तुम्ही विचारलं म्हून सांगितलं," मी म्हणाले, आणि माझी भाषा माझ्या हातून सुटली. "मागच्या साली तुम्ही मले इचारलंच नाई."

हे वाक्य मी तयार केलेलं नव्हतं. ते कुठून आलं मलाही कळलं नाही. पण ते बाहेर पडल्यावर समजलं की वर्षभर मी ज्या माणसाचा राग गार्गीवर काढत होते, ते माणूस माझ्यासमोर जू हातात घेऊन उभं आहे. गार्गी खोटं बोलली, कारण तिला पाहिजे होतं. मॅडमना तर काही नको होतं. त्यांनी नुसतं विचारायचं होतं.

मॅडमनी जू खाली ठेवलं, माईक उचलला आणि त्या म्हणाल्या, "मागच्या वर्षी चूक माझी झाली. मी समीक्षाला विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही." एवढ्या पालकांसमोर म्हणाल्या. आमच्या शाळेत कोणा शिक्षकानं असं म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. मला मान खाली घालावीशी वाटली, पण मी घातली नाही. माझा हक्कच होता तो.

"आता दोघींचाही जामीन झाला," मॅडम म्हणाल्या. त्यांनी डोळे पुसले. "उत्तमराव, झेंडी घ्या. चला, जू बांधा."

मी खाली वाकले, टिटवीच्या मानेवरची झूल सारखी केली आणि रबर हातात घेतलं. आता कुठं छातीवरचं ओझं उतरलं होतं. आता पळवू, म्हटलं. आता दाखवू यांना, पायांचं यंत्र कसं जातं ते.

गार्गी वाकली नाही. तिनं बिजली उचलून पोटाशी धरली.

"मॅडम, मले नाई जुंपायचं हिच्यासंग."

"गार्गी, बाळा, आता सगळं मिटलं..."

"नाई मॅडम. माह्यं खरं होतं ते तिले माईत होतं, तरी ती तसं बोलली." ती रडत नव्हती. माझ्याकडे बघतही नव्हती. "मले नाई पळवायचं."

मॅडमनी समजावलं. भालचंद्रकाकासुद्धा, आश्चर्य म्हणजे, "अगं, पळव की आता" म्हणाले. ती नुसती मान हलवत राहिली. शेवटी उत्तमरावांनी झेंडी काखेत मारली. "पोरीनं मान काढून घेतली, मॅडम. आता नाई पळत ही जोडी. दुसरी बलवा."

गार्गी बिजली घेऊन काकांच्या मागे मागे फाटकातून बाहेर गेली. बिजलीची लाल शिंगं तिच्या कोपराशेजारून बाहेर आली होती, मागून तेवढीच दिसत होती.

बुलढाण्याला प्रज्वल आणि हरिओम गेले. त्यांना तिथं काही मिळालं नाही. मामा मात्र त्या दिवशी शाळेतून निघताना म्हणाला, "दुकानावर येत जाय." आणि थोडं थांबून म्हणाला, "पन तिले उगीच रडवलं तुनं." मी म्हटलं, ती रडली नाही. मामा म्हणाला, "तेच म्हनतो मी. रडली असती तं मोकळी झाली असती."

मला पश्चात्ताप झाला का, असं आई अजून विचारते. नाही झाला. गार्गीनं केलं ते तिनं फेडलं, मॅडमनी केलं ते मॅडमनी फेडलं. फक्त एक गोष्ट सलते. त्या दुपारी पोरांनी खडूच्या रेषा पुसून टाकल्या तरी मी टिटवी घेऊन व्हरांड्यात बसून होते. ती माझ्या हातची आहे, हे आता अख्ख्या जानेफळला माहीत झालं होतं. पटात ती पळते कशी, हे मात्र कोणीच पाहिलं नाही.